आगबोटीच्या पोटात

आज विमान काही तासांत अटलांटिक महासागर ओलांडते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून अमेरिकेस जावयाचे, तर आगबोटीवाचून दुसरा मार्ग नव्हता. त्या काळच्या आगबोटींत ‘मॉरिटानिया’ हिचे नाव फार गाजले. इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी ती बांधली गेली आणि १९०७ च्या नोव्हेंबर महिन्यात लिव्हरपूल बंदरातून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीस निघाली.

तिची लांबी ७९० फूट होती आणि तिला चार उंच धुराडी होती. वरच्या मजल्यांवर धनिक उतारूंसाठी कोरीव लाकूडकामाने सजविलेली दालने होती. तर तिसऱ्या वर्गात, पोटापाण्यासाठी मायदेश सोडून निघालेली शेकडो गरीब माणसे असत. शिवाय टपालाच्या थैल्या असत, त्या वेगळ्याच. १९०९ साली या आगबोटीने साडेचार दिवसांहून कमी वेळात महासागर पार केला. तिचा हा विक्रम पुढे वीस वर्षे कोणालाही मोडता आला नाही.

एवढा वेग तिला कोण देत असे? याचे उत्तर वरच्या दालनांत मिळणार नाही. त्यासाठी आपल्याला आगबोटीच्या पोटात उतरले पाहिजे.

तेथे २५ प्रचंड बॉयलर होते आणि त्यांच्यात १९२ भट्ट्या धगधगत असत. भट्टीतील आगीने बॉयलरमधील पाण्याची वाफ होई. ती जोराने टर्बाइन यंत्राच्या असंख्य पात्यांवर आदळे. त्यामुळे यंत्राचा दांडा गरगर फिरू लागे व त्याच्या टोकाचा पंखा पाणी मागे लोटी. असे चार पंखे त्या अवाढव्य आगबोटीला पुढे ढकलीत.

या भट्ट्यांना दररोज सुमारे १,००० टन कोळसा लागे आणि तो सगळा माणसांच्या हातांनी घालावा लागे! काही कामगार कोठारांतून कोळसा ढकलगाड्यांत भरून आणीत. दुसरे तो फावड्याने भट्टीत पसरीत, लांब सळईने निखारे ढवळीत आणि राख ओढून काढीत. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींवर हेच काम करणाऱ्या आपल्याकडील माणसांना ‘आगवाले’ म्हणत. चार तास काम आणि आठ तास विश्रांती, अशा पाळ्या रात्रंदिवस चालत. समोर आगीची झळ, अंगावर कोळशाची भुकटी आणि पायांखाली हेलकावणारी जमीन! तरीही हात थांबवून चालत नसे. कारण आग मंदावली की वाफ कमी होई आणि वाफ कमी झाली की वेग घटे. वर उतारू समुद्राची शोभा पाहत असता, या माणसांना कामाच्या वेळी समुद्र दिसतही नसे.

पहिल्या महायुद्धात मॉरिटानियाने सैनिकांची आणि जखमींची ने-आण केली. १९२१ साली तिला आग लागली. त्यानंतरच्या दुरुस्तीत तिच्या भट्ट्या तेलावर चालतील अशा करण्यात आल्या. तेल नळांवाटे आपोआप येई. त्यामुळे फावड्याचे कष्ट सरले. पण त्याबरोबरच फावडे चालविणाऱ्या अनेकांची भाकरीही गेली. नवे यंत्र कष्ट हलके करते, हे खरे. पण त्या कष्टांवर ज्यांचे घर चालते, त्यांचे पुढे काय, हा प्रश्नही ते मागे ठेवते.

१९३४ साली या आगबोटीने अटलांटिकवरील अखेरची सफर केली आणि पुढे ती मोडीत काढण्यात आली. विक्रमांच्या नोंदींत तिचे नाव आजही वाचावयास मिळते. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्यांची नावे मात्र तेथे नाहीत. एखादी मोठी गोष्ट वेगाने पुढे जाताना दिसली, की तिच्या पोटात कोणाचे हात राबत आहेत, याचीही आपण चौकशी करावी.