हिमावरील शर्यत आणि मुलांचा हिंवाळा

कन्नडच्या परिसरांत हिंवाळा आला म्हणजे पहांटे शेकोट्या पेटतात, हरभऱ्याचीं शेतें डोलूं लागतात आणि शाळेंत क्रीडास्पर्धांची धांदल सुरू होते. बर्फ मात्र आपण शरबताच्या गाडीवरच पाहतों. परंतु याच भरतखंडाच्या उत्तरेस अशीं कांहीं कुटुंबें आहेत कीं, त्यांचा हिंवाळा हिमाच्या उतारावर जातो व त्यांचीं लहान मुलें तेथें शर्यतींत उतरतात. हा खेळ कसा असतो व त्यांत आईबापांचें काम कोणतें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

या खेळास स्कीइंग म्हणतात. स्की म्हणजे प्रत्येक बुटास जखडलेली लांब, अरुंद व पुढच्या टोकास वर वळलेली फळी. मऊ हिमांत नुसता पाय टाकिला तर तो रुततो. फळीमुळें शरीराचा भार पसरतो, म्हणून मनुष्य वर राहतो. घसरतांना घर्षणानें हिमाचा अगदीं पातळ थर ओलसर होतो व फळी सहज पुढें सरकते. तिच्या कडांस पोलादी पट्टी असते. फळी एका अंगास कलती केली म्हणजे ती कड हिमांत धंसते व वळण घेतां येतें. स्लालम नांवाच्या शर्यतींत उतारावर काठ्या रोवून फाटकें केलेलीं असतात. प्रत्येक फाटकांतून नागमोडी वळत जो सर्वांत कमी वेळांत खालीं पोहोंचेल तो विजयी. एक फाटक चुकलें तरी स्पर्धक बाद होतो.

या विद्येचा पहिला धडा वेगाचा नसून थांबण्याचा आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. लहान मुलास प्रथम फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर ठेवावयास शिकवितात. त्यायोगें आंतल्या कडा हिमास खरडतात व वेग मंदावतो. भरलेली गाडी घेऊन आपला औट्रम घाट उतरणाऱ्यास विचारा. गाडी हांकण्यापेक्षां आवरण्यांतच खरें कसब आहे, असें तो सांगेल. दुसरा धडा पडण्याचा. अंगास इजा न होतां कुशीवर कसें पडावें व रडत न बसतां पुन्हां कसें उभें राहावें, हें मुलास शेंकडों वेळां करून पाहावें लागतें.

काश्मीरांत सुमारें ८,७०० फूट उंचीवर गुलमर्ग आहे. तेथें स्कीच्या साहित्याचें दुकान चालविणारे यासीन खान यांनीं आपला मुलगा आरिफ यास चौथ्या वर्षींच या फळ्यांवर उभें केलें. तोच आरिफ २०२२ सालीं बीजिंग येथील हिंवाळी ऑलिंपिकांत भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालम शर्यतींत त्याचा ४५ वा क्रमांक आला. स्लालम शर्यतींत तर पहिली फेरीहि पुरी झाली नाहीं. तशीच गोष्ट मनालीजवळच्या बुरुआ गांवच्या ठाकूर घराण्याची. रोशन ठाकूर यांचा मुलगा हिमांशु २०१४ च्या सोची ऑलिंपिकांत उतरला, आणि कन्या आंचल हिनें २०१८ सालीं तुर्कस्तानांत कांस्यपदक मिळविलें. स्कीइंगमधील भारताचें तें पहिलें आंतरराष्ट्रीय पदक होय.

शर्यत दीडदोन मिनिटांत संपते. पण तिच्यामागें घराचे कित्येक हिंवाळे उभे असतात. भल्या पहांटे मुलास उठविणें, बूट आवळून देणें, गारठलेलीं बोटें चोळणें, हें सर्व आईबाप करितात. तथापि त्यांची खरी कसोटी शर्यत संपल्यावर लागते. मूल हरून येतें तेव्हां तें प्रथम घड्याळाकडे पाहत नाहीं, आईबापांच्या मुद्रेकडे पाहतें. तेथें निराशा दिसली तर त्यास खेळाचें भय वाटूं लागतें.

हें ओळखून नॉर्वे देशाच्या क्रीडासंघानें २००७ सालच्या बालक्रीडेच्या नियमांत असें ठरविलें कीं, अकराव्या वर्षापूर्वीं मुलांच्या निकालांची क्रमवारी लावूं नये, आणि तेराव्या वर्षापूर्वीं त्यांस अजिंक्यपदाच्या स्पर्धांत उतरवूं नये. अशानें तो देश मागें पडला असेल काय? मुळींच नाहीं. २०२२ च्या हिंवाळी ऑलिंपिकांत त्यानें १६ सुवर्णपदकें जिंकिलीं व पहिलें स्थान पटकाविलें. त्याची लोकसंख्या त्या वेळीं अवघी सुमारें ५४ लक्ष होती; आपल्या एका जिल्ह्याचीच २०११ च्या शिरगणतींत सुमारें ३७ लक्ष भरली होती!

आपल्या क्रीडांगणावर हिम नाहीं, पण धांवणारीं मुलें आहेत आणि कुंपणाशीं उभे असलेले पालकहि आहेत. पहिला आलेल्या मुलास खांद्यावर घेणारे पुष्कळ असतात. शेवटच्याची वाट पाहत थांबणारे थोडे. संत पौलानें ख्रिस्ती जीवितास शर्यतीची उपमा दिली आहे. त्या दीर्घ शर्यतीची तयारी लहानपणींच्या या छोट्या शर्यतींत होत असते. म्हणून यंदा मूल मैदानावरून परतेल तेव्हां "कितवा आलास?" हा प्रश्न आपण क्षणभर ओठांतच ठेवूं या, आणि "मजा आली ना, बाळ?" असें आधीं विचारूं या. पुढच्या हिंवाळ्यांत तें पुन्हां धांवेल कीं नाहीं, हें पुष्कळदां त्या एका प्रश्नावरच ठरत असतें.