डेव्हिड गूडिस

डेव्हिड गूडिस (२ मार्च, १९१७ : फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - ७ जानेवारी, १९६७ : फिलाडेल्फिया) हे इंग्लिश भाषेत लिहिणारे अमेरिकन गुन्हेगारी कथालेखक, कादंबरीकार आणि पटकथाकार होते. १९३९ ते १९६७ या काळात त्यांच्या १८ कादंबऱ्या प्रकाशित झाल्या. त्यांपैकी 'डार्क पॅसेज' (१९४६) व 'डाऊन देअर' (१९५६) या दोन त्यांवर निघालेल्या चित्रपटांमुळे विशेष प्रसिद्ध आहेत. हयातीत गूडिस यांची गणना स्वस्त करमणूकप्रधान लेखकांत होत असे. मृत्यूनंतर मात्र त्यांचे नाव अमेरिकी साहित्याच्या आणि प्रताधिकार कायद्याच्याही इतिहासात नोंदले गेले.

प्रारंभिक जीवन आणि पल्प लेखन

गूडिस यांचा जन्म फिलाडेल्फियातील एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. १९३८मध्ये त्यांनी त्याच शहरातील टेम्पल विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली. पुढील वर्षी 'रिट्रीट फ्रॉम ऑब्लिव्हियन' ही त्यांची पहिली कादंबरी आली, परंतु तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यानंतर ते न्यू यॉर्कला गेले आणि उपजीविकेसाठी पल्प नियतकालिकांत लिहू लागले.

लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांना 'पल्प' म्हणत. या मासिकांत लेखकाला शब्दांच्या हिशेबाने मोबदला मिळे आणि दर अल्प असे. त्यामुळे चरितार्थ चालवायचा, तर भराभर लिहिण्यावाचून गत्यंतर नसे. गूडिस यांनी 'बॅटल बर्ड्स', 'डेअरडेव्हिल एसेस' यांसारख्या मासिकांसाठी हवाई युद्धाच्या आणि गुन्हेगारीच्या असंख्य कथा लिहिल्या. त्यांपैकी अनेक टोपणनावांनी छापल्या गेल्या. साडेपाच वर्षांत आपण सुमारे ५० लाख शब्द लिहिले, असे ते स्वतः सांगत. याच काळात त्यांनी रेडिओ मालिकांसाठीही लेखन केले.

डार्क पॅसेज आणि हॉलीवूड

१९४६मध्ये 'द सॅटरडे इव्हनिंग पोस्ट' या बहुखपी साप्ताहिकात 'डार्क पॅसेज' क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने बाजारात आली. पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप सिद्ध झालेला व्हिन्सेंट पॅरी हा नायक तुरुंगातून पळतो, शस्त्रक्रियेने चेहरा बदलतो आणि खऱ्या खुन्याचा शोध घेतो, असे तिचे कथानक आहे. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने कादंबरीचे चित्रपटहक्क आधीच विकत घेतले होते. डेल्मर डेव्ह्ज दिग्दर्शित आणि हम्फ्री बोगार्ट व लॉरेन बॅकॉल अभिनीत चित्रपट १९४७मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच्या भागात कॅमेरा नायकाच्या डोळ्यांनी पाहतो. त्याचा चेहरा शस्त्रक्रियेनंतरच प्रेक्षकांना दिसतो.

वॉर्नर ब्रदर्सने गूडिस यांना पटकथालेखक म्हणून करारबद्ध केले. 'द अनफेथफुल' (१९४७) या चित्रपटाच्या पटकथेचे ते सहलेखक होते. मात्र हॉलीवूडमध्ये त्यांचा जम बसला नाही. १९५०मध्ये ते फिलाडेल्फियाला परतले आणि आईवडील व आजारी भावासह राहू लागले.

पेपरबॅक कादंबऱ्या

याच सुमारास अमेरिकी प्रकाशनव्यवसाय बदलत होता. फॉसेट या प्रकाशनसंस्थेच्या 'गोल्ड मेडल' मालेने १९५०पासून २५ सेंट किमतीच्या पेपरबॅक कादंबऱ्या काढण्यास आरंभ केला. या कादंबऱ्या जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे नसून नव्यानेच लिहिलेल्या असत, आणि लेखकाला विकल्या गेलेल्या नव्हे, तर छापलेल्या प्रतींवर मानधन मिळे. पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांची परीक्षणे वृत्तपत्रांत येत; या पुस्तकांच्या वाट्याला ती क्वचितच येत. गूडिस यांना त्यामुळे मोठा वाचकवर्ग लाभला, पण वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली नाही. 'कॅसिडीज गर्ल' (१९५१) या कादंबरीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९५१ ते १९५७ या सात वर्षांत त्यांच्या ११ कादंबऱ्या निघाल्या.

या कादंबऱ्यांत गुन्ह्याचा उलगडा दुय्यम असतो. एके काळी प्रतिष्ठित असलेला माणूस खाली कोसळतो आणि तेथेच राहणे पत्करतो, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. कॅसिडी हा पूर्वीचा वैमानिक बसचालक झालेला असतो. 'स्ट्रीट ऑफ नो रिटर्न' (१९५४)चा नायक नामांकित गायक असतो, तो आता रस्त्यावरचा दारुडा आहे. 'डाऊन देअर'मधील एडी हा मैफलींत वाजवणारा पियानोवादक फिलाडेल्फियातील एका गुत्त्यात पियानो वाजवतो. भूतकाळ त्यांना गाठतो, सुटकेची संधी समोर येते आणि हातून निसटते. गोदीभोवतालच्या वस्त्या, स्वस्त दारूचे अड्डे आणि भाड्याच्या खोल्या ही पार्श्वभूमी गूडिस यांनी आपल्या शहरातूनच घेतली. त्यांची वाक्ये साधी व आखूड असून पात्रांची स्वगते मोठा भाग व्यापतात.

फ्रान्समधील प्रतिष्ठा

अमेरिकेत नव्या पुस्तकांच्या लोंढ्यात या कादंबऱ्या विस्मरणात जात असताना फ्रान्समध्ये त्या सातत्याने वाचल्या जात होत्या. गालिमार या प्रकाशनसंस्थेच्या 'सेरी न्वार' (काळी माला) या रहस्यकथामालेत त्यांचे अनुवाद निघाले. फ्रान्स्वा त्रुफो यांनी 'डाऊन देअर'वर 'शूट द पियानो प्लेअर' (१९६०) हा चित्रपट काढला व कथा फ्रान्समध्ये आणली. त्यात शार्ल अझनाव्हूर नायक होते. पुढे रने क्लेमां (१९७२) आणि झां-झाक बेनेक्स (१९८३) यांनीही गूडिस यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट काढले. त्यांचे पहिले चरित्रही फ्रेंचमध्येच, फिलिप गार्निए यांनी १९८४मध्ये लिहिले.

प्रताधिकाराचा खटला

१९६३मध्ये एबीसी वाहिनीवर 'द फ्यूजिटिव्ह' ही मालिका सुरू झाली. पत्नीच्या खुनाबद्दल चुकीने दोषी ठरलेला डॉक्टर पळून जातो आणि खऱ्या खुन्याला शोधतो, अशी तिची कथा होती. ती 'डार्क पॅसेज'वरून घेतली असल्याचा दावा करून गूडिस यांनी १९६५मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स टेलिव्हिजन आणि एबीसीविरुद्ध पाच लाख डॉलरांच्या भरपाईसाठी खटला दाखल केला.

वॉर्नर ब्रदर्सचे हक्क आपल्याकडे आले असून मालिका त्या करारात बसते, असा प्रतिवाद करण्यात आला. दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. साप्ताहिकात कादंबरी छापली गेली, तेव्हा अंकावर प्रताधिकाराची सूचना केवळ प्रकाशकाच्या नावे होती. तत्कालीन समजुतीनुसार प्रताधिकार अविभाज्य होता. साप्ताहिकाला केवळ क्रमशः छापण्याची परवानगी असल्याने ती सूचना लेखकाचे रक्षण करत नाही आणि कादंबरी प्रताधिकारमुक्त झाली आहे, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. कनिष्ठ न्यायालयाने पूर्ण सुनावणी न घेताच प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. १९७०मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. लेखकाचा आपली कृती सोडून देण्याचा हेतू नसताना केवळ अशा तांत्रिक कारणाने तिचा प्रताधिकार नष्ट होत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि कराराच्या अर्थाचा प्रश्न सुनावणीसाठी परत पाठवला. १९७२मध्ये १२,००० डॉलरांवर तडजोड झाली. अमेरिकेच्या १९७६च्या प्रताधिकार कायद्याने अविभाज्यतेचे तत्त्व रद्द केले. मासिकांत लिहिणाऱ्या लेखकांच्या हक्कांच्या दृष्टीने हा खटला आजही उद्धृत केला जातो.

मृत्यू आणि पुनर्मूल्यांकन

गूडिस यांना अपिलाचा निकाल पाहता आला नाही. ७ जानेवारी, १९६७ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांची अखेरची कादंबरी 'समबडीज डन फॉर' त्याच वर्षी प्रकाशित झाली. त्या काळी त्यांची बहुतेक पुस्तके अमेरिकेत बाजारातून नाहीशी झाली होती.

१९८०च्या दशकात 'ब्लॅक लिझर्ड' मालेने त्यांच्या काही कादंबऱ्या पुन्हा छापल्या. २०१२मध्ये अमेरिकेच्या अभिजात साहित्याच्या प्रमाण आवृत्त्या काढणाऱ्या 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या संस्थेने 'डार्क पॅसेज', 'नाइटफॉल', 'द बर्गलर', 'द मून इन द गटर' आणि 'स्ट्रीट ऑफ नो रिटर्न' या पाच कादंबऱ्या एका खंडात प्रकाशित केल्या. २५ सेंटला विकल्या गेलेल्या यांतील काही कादंबऱ्या त्यामुळे अमेरिकी अभिजात साहित्याच्या मालेत आल्या.