हिशेब लिहिणें आणि हिशेब वाचणें

आमच्या ताडकळसासारख्या गांवीं मुलगा बी.कॉम. झाला म्हणजे घरचीं माणसें दोनच वाटा जाणतात : एखाद्या आडत्याकडे वहीखातें लिहावें, अथवा स्पर्धापरीक्षांच्या मागें लागावें. तिसरी वाट आहे ती वित्तीय विश्लेषणाच्या पदव्युत्तर अभ्यासाची. हा अभ्यास म्हणजे बी.कॉम.चीच थोडी जाडजूड आवृत्ति असावी, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली तेव्हां माझे पैसे अडकून बसले होते.

निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेपैकीं कांहीं भाग मीं आमच्या बाजूच्या एका पतसंस्थेंत ठेविला होता. संस्थेचा वार्षिक अहवाल दरसाल घरीं येई. त्यांत नफा असे, लाभांशही मिळे. पुढें एके दिवशीं खिडकीवर पैसे मिळेनासे झाले. माझा एक जुना विद्यार्थी त्या वेळीं नांदेडास एम.कॉम. करीत होता. त्यानें तेच अहवाल चाळले आणि म्हणाला, "गुरुजी, हें सारें यांत तीन वर्षांपासून छापलेलें आहे. तुम्हीं नफ्याचें पान वाचलेंत, थकबाकीचें वाचलें नाहींत."

त्यानें काय पाहिलें तें उदाहरणानें सांगतों. समजा, एका संस्थेनें चार कोटि रुपये दरसाल दरशेंकडा १२ व्याजानें कर्जाऊ दिले. वर्षाचें व्याज झालें ४८ लाख. ठेवीही चार कोटींच्याच. त्यांवर दरशेंकडा ९ प्रमाणें ३६ लाख द्यावयाचे, आणि पगार, भाडें वगैरे खर्च ७ लाख. शिल्लक राहिला नफा ५ लाख. गणित बिनचूक आहे. परंतु त्या कर्जांपैकीं एक कोटि थकलेलें असेल, तर १२ लाखांचें व्याज वहींत आलें, तिजोरींत आलेंच नाहीं. हातीं पडले ३६ लाख, द्यावयाचे ४३ लाख. ही ७ लाखांची तूट नव्या ठेवीदारांच्या पैशांतून भरली जाते, आणि अहवालावर नफा झळकत राहतो. बँकांतील पांच लाखांपर्यंतच्या ठेवींस २०२० पासून विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींस तें नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.

बी.कॉम.चा विद्यार्थी ताळेबंद जुळवावयास शिकतो. पदव्युत्तर वर्गांत त्याला जुळलेल्या ताळेबंदावर शंका घ्यावयास शिकवितात. रोकड आली कोठून व गेली कोठें, पांच वर्षांचे आंकडे शेजारी मांडल्यास काय दिसतें, त्याच धंद्यांतील इतरांचें कसें चाललें आहे, हे त्याचे प्रश्न. शिवाय पुढें येणाऱ्या पैशाचें आजचें मोल काढणें आलेंच. आठ टक्के दर धरला तर पांच वर्षांनीं मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारें ६८ रुपये होते. यासाठीं संख्याशास्त्र लागतें, आणि आमचीं मुलें अडखळतात तीं तेथेंच. शाळेंत गुणोत्तर-प्रमाणाचा कंटाळा केलेल्यांना मीं पुष्कळदां छडी दाखविली. उपयोग काय तें मात्र सांगितलें नाहीं, हा दोष माझाच.

या शास्त्राला वय फारसें नाहीं. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकविणाऱ्या ग्रॅहॅम व डॉड या दोघांचा 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' हा ग्रंथ १९३४ सालीं निघाला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ पर्यंत शिकले तें हेंच विद्यापीठ. पुढें १९१८ मध्यें ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवूं लागले. वाणिज्याचें हें कॉलेज १९१३ मधलें.

आज शिकावयाचें कोठें? परभणी जिल्हा ज्याच्या कक्षेंत येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचें एम.कॉम. जवळचें व स्वस्त. पुण्यास १९३० सालीं स्थापन झालेली गोखले संस्था आहे, मुंबईस १९६५ ची जमनालाल बजाज संस्था आहे. दोहोंकडे प्रवेशासाठीं चुरस मोठी. सी.एफ.ए. नांवाची परीक्षा तीन पायऱ्यांची आहे. ती घरीं अभ्यास करून देतां येते, परंतु सारें इंग्रजींत, आणि शुल्क डॉलरांत. माझें मत विचाराल तर जमीन गहाण टाकून एखाद्या महागड्या खासगी पदविकेस जाण्यापूर्वीं मुलानें याच शास्त्राची परीक्षा तिच्या शुल्कावर करून पाहावी : कर्जाचा हप्ता किती, पहिला पगार किती, आणि तो खरोखर किती जणांस मिळाला. जाहिरातींतील सर्वांत मोठा पगार हा एकाचाच असतो.

माझे पैसे अद्याप पुरते परत आलेले नाहींत. तो विद्यार्थी सुटींत गांवीं आला कीं लोक आपापल्या संस्थांचे अहवाल घेऊन त्याच्या ओट्यावर बसतात. अध्यक्षांचें छायाचित्र आणि मनोगत तो न वाचतांच उलटतो आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यापासून आरंभ करतो.