चरित्र-अभिनेत्री ललिता पवार



नायिकेस रूप लागतें. चरित्र-अभिनेत्रीस माणसांची पारख लागते. आई, सासू, शेजारीण होऊन कथेस वळण द्यावयाचें, हें तिचें कार्य. ललिता पवार यांच्या चरित्रांत या कलेचें मर्म स्पष्ट दिसतें.

१९१६ सालीं येवल्यास जन्मलेल्या ललिताबाई बालवयांतच मूकपटांत आल्या व पुढें नायिका झाल्या. १९४२ सालीं 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणाचे वेळीं सहकलाकाराची चपराक जोरानें बसली. चेहऱ्यास पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारानंतरहि डाव्या डोळ्यांतील व्यंग राहून गेलें. नायिकेची वाट तेथें खुंटली.

परंतु तोच डोळा त्यांनीं कलेच्या कामीं लाविला. 'दहेज' (१९५०) मधील सासू प्रेक्षकांच्या मनांत सलत राहिली. पण १९५५ सालचे दोन चित्रपट पाहा : 'श्री ४२०' मध्यें केळीं विकणारी मायाळू गंगामाई, तर 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्यें धनाढ्य व हट्टी सीतादेवी! 'अनाडी' (१९५९) मधील वरून कठोर, आंतून वत्सल अशा मिसेस डीसांस फिल्मफेअर पारितोषिक लाभलें. डोळा एकच, त्यांत कधीं विष, कधीं वात्सल्य. दूरदर्शनवरील 'रामायणां'त (१९८७) त्याच मंथरा झाल्या. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

आमच्या बोईसरकडेच काय, महाराष्ट्रांत कोठेंहि कजाग सासूस लोक 'ललिता पवार' म्हणतात. ही दाद खरी, पण अर्धी. मिसेस डीसा आठविल्यावांचून ती पुरी होत नाहीं.