एकाच पायाची सूज अंगावर काढू नका

ब्राह्मणपुरीच्या शिवारात दिवसभर निंदणी, कापूसवेचणी केली की संध्याकाळी पाय जड होतात. रात्री पडलं की सूज उतरते. पण एकच पाय सुजला आणि सकाळीही तसाच राहिला, तर ते हत्तीरोगाचं लक्षण असू शकतं. गडचिरोली, चंद्रपूरकडे हा रोग आहे, सुरतेकडेही पूर्वीपासून आहे. आपली माणसं तिकडे कामाला जातात, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला.

रक्तातून पाझरून अंगात उरलेलं पाणी लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या परत रक्तात पोचवतात. या नळ्या स्वतःच आकुंचन पावतात. आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू त्यांना पिळून हातभार लावतात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की हा हातभार थांबतो. नळ्या आधी जास्त जोर लावतात. भार हटलाच नाही तर त्या ताणून रुंद होतात आणि झडपा नीट मिटत नाहीत.

हत्तीरोगाचे जंत डास चावल्याने अंगात शिरतात आणि याच नळ्यांत काही वर्षं राहून त्यांना निकामी करतात. मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या रक्तातल्या जंतांच्या पिलांना मारतात, प्रसार थांबवतात. मात्र बिघडलेली नळी त्यांनी पूर्ववत होत नाही. म्हणून सूज नसतानाच, जेवण करून, आशाताईंसमोर गोळ्या घ्या. गरोदर बाई, 2 वर्षांखालचं बाळ आणि गंभीर आजारी माणसाला त्या देत नाहीत.

रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीनेही घोटे सुजतात, बहुधा दोन्ही पायांचे. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. लघवी वाढवणारी गोळी हत्तीरोगाची सूज घालवत नाही.

सुजलेला पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, भेगांवर मलम लावा. शेतातही चप्पल घाला. बसल्या जागी टाचा वर-खाली करा, झोपताना पायाखाली उशी घ्या. पाय लाल, गरम झाला, ताप आला, तर चोळू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. असा प्रत्येक झटका नळ्या आणखी बिघडवतो.