रुप्यावर कोरलेले कालचक्र

शिरवळहून खंबाटकीचा घाट ओलांडून वाईस जाणाऱ्या यात्रेकरूस, गुरू कन्या राशीस आला म्हणजे कृष्णातीरी कन्यागताचे पर्व भरते व ते पुन्हा यावयास सुमारे बारा वर्षे लोटावी लागतात, हे सांगावयास नको. परंतु त्याच गुरूच्या गतीशी चिनी ज्योतिर्विदांनीही आपली द्वादशवर्षात्मक गणना जोडली, आणि तिच्यातील उंदीर, बैल, वाघ, ससा आदिकरून बारा प्राणी आज संग्राह्य रौप्यमुद्रांवर विराजमान झाले आहेत, हे थोड्यांसच ठाऊक असते. चीनने ही मालिका १९८१ साली, कोंबड्याच्या वर्षी, सुरू केली. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीने १९९९ पासून अशा प्राण्यांची रुप्याची नाणी पाडली आहेत.

मात्र अशी कल्पना आपल्या भूमीस अपरिचित नव्हती. १६१८ साली, आपल्या कारकीर्दीच्या तेराव्या वर्षी, बादशहा जहांगिराने नाण्यावर महिन्याचे नाव घालण्याऐवजी त्या महिन्यात सूर्य ज्या राशीत असेल तिची आकृती उमटवावी असा हुकूम दिला, आणि ही युक्ती सर्वस्वी आपली असल्याचे आत्मचरित्रात अभिमानाने नमूद केले. त्याप्रमाणे अहमदाबादच्या टांकसाळीत रुपये व आग्र्यास मोहरा पडल्या. चिनी प्राणी वर्ष दाखवितो, जहांगिराची रास महिना. तरीही अक्षरशत्रू रयतेलाही काळ नजरेने वाचता यावा, ही त्या राशिमुद्रेची थोरवी मला अधिक मोलाची वाटते.

संग्रहेच्छूंनी इतके ध्यानी ठेवावे की पर्थच्या प्रचलित नाण्यात ९९९.९ कसाचे सुमारे ३१.१ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने पावणेतीन तोळ्यांस किंचित कमी रुपे असते. सराफ बहुधा तेवढ्याचेच दाम देतो, कारागिरीचे मोल जाणकार संग्राहकच देतो, आणि नाणे घासून उजळले की ते मोलही ओसरते. शिवाय चिनी वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यानच्या अमावास्येस लागते, आणि आपल्याप्रमाणेच त्यांनाही अधिक मास धरावा लागतो. सबब जानेवारीत जन्मलेल्या बालकासाठी नाणे घेताना बहुधा मागील वर्षाचाच प्राणी निवडावा लागतो.

रौप्यनाणी काढणे आपल्या सरकारलाही नवे नाही; गांधी-जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली त्याने दहा रुपयांचे रौप्यनाणे काढले होते. तेव्हा प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची जी नामावली आपल्या पंचांगात असते, तिच्यातील एकेक नाव दरसाल मुंबईच्या टांकसाळीने रुप्यावर उमटवावे, अशी माझी मनःपूर्वक मागणी आहे.