मांडीतून मेंदूकडे

नैराश्यावरच्या उपचारासाठी खुर्चीत रेलून बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं टेकवलेलं असतं. टक्! तिच्या उजव्या हाताचा अंगठा उडतो. तिनं तो हलवलेला नसतो, आणि कवटीला साधा ओरखडाही नसतो.

करामत फॅरेडेची. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उपजते, हे त्यानं 1831 साली दाखवलं. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी तेच तत्त्व माणसाच्या मेंदूवर चालवून दाखवलं. वेटोळ्यातून क्षणभर सुटणारं क्षेत्र एमआरआय यंत्राच्या तोडीचं असतं. हाड त्याला अडवत नाही. खालच्या पेशींत इवलासा प्रवाह उठतो. अंगठा किती जोराच्या ठोक्याला उडतो, यावरून त्या मुलीसाठी मात्रा ठरते. मग वेटोळं थोडं पुढे, कपाळाच्या डाव्या अंगाला सरकतं आणि तिथे ठोके सुरू होतात. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे. भूल लागत नाही. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून आधी नीट चौकशी होते.

हे चुंबकाचं झालं. मला त्याहून थक्क करते ती व्यायाम करणारी मांडी.

ताण वाढला की शरीरात काइन्युरेनिन नावाचं रसायन वाढतं. ते रक्तातून मेंदूत शिरतं आणि तिथे दाह माजवतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांमध्ये पाहिलं, की कसलेले स्नायू या रसायनाचं रूपच पालटतात. नव्या रूपाला मेंदूच्या वेशीवर प्रवेश नाही! म्हणजे पळणारा पाय रक्तातला त्रास गाळून काढतो आणि मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसांतही व्यायामानंतर स्नायूंत ही यंत्रणा वाढलेली दिसते. पण मुलांचं नैराश्य याच वाटेनं हटतं, असं म्हणणं घाईचं होईल.

शिवाय ‘लोळत काय पडलास, जरा पळून ये’ हा आपला लाडका सल्ला इथे निर्दयच ठरतो. उठण्याची इच्छाच तर हा आजार हिरावून नेतो. कुणीतरी सोबत चालायला लागतं, आणि गोळ्या किंवा समुपदेशन चालू असेल तर ते चालूच ठेवायचं. मूल मरणाची भाषा करत असेल तर थेट डॉक्टर गाठायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही आहे.

चुंबकाचा पुरावा तरी पक्का आहे का? 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 15 ते 21 वयोगटासाठी, इतर उपचारांच्या जोडीनं, अशा एका यंत्राला मुभा दिली. पण त्याआधी, 2021 मध्ये, 12 ते 21 वर्षांच्या 103 जणांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला होता. खऱ्या वेटोळ्यानं 41.7 टक्के मुलं बरीच सुधारली आणि नुसता आवाज करणाऱ्या खोट्या वेटोळ्यानं 36.4 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान.

मला तो दुसरा आकडा जास्त खुणावतो. काही मुलं काळानंच सावरली असतील, काही नुसत्या भरवशावर. पण खोट्या वेटोळ्याखालच्या मुलांनाही रोज उठून, तोंड धुऊन, कपडे बदलून दवाखान्यात यावं लागत होतं. तिथे कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं. यातलं किती श्रेय कशाचं, हे त्या चाचणीत वेगळं काढलेलंच नाही.